भूगोलाच्या पदवीला पाणलोटाचा आधार हवा

भूगोल हा निसर्गविज्ञान आणि समाजविज्ञान यांच्या सीमेवरचा विषय असून, पदवीच्या पातळीवर त्याचे सामर्थ्य आणि त्याची अडचण या दोन्ही गोष्टी याच स्थानातून निर्माण होतात. विद्यार्थी एका सत्रात भूरूपशास्त्र, म्हणजे भूपृष्ठाच्या आकारांची घडण कशी होते याचे शास्त्र, शिकतो आणि दुसऱ्या सत्रात लोकसंख्या, वस्ती व शेती यांच्याकडे वळतो. परंतु या अभ्यासपत्रिका निरनिराळ्या परीक्षांपुरत्या वाचल्या गेल्या, तर त्यांना जोडणारा प्रत्यक्ष प्रदेश नजरेआड होतो.

सातारा जिल्हा याचे चांगले उदाहरण आहे. महाबळेश्वरच्या पठारावर वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सुमारे 100 किलोमीटर पूर्वेला असलेल्या माण तालुक्यात तो 500 मिलिमीटरच्या आसपास येतो. कारण सह्याद्री चढताना पाऊस देऊन गेलेले नैर्ऋत्य मोसमी वारे पूर्वेकडे उतरताना तापतात, कोरडे होतात आणि तो भाग पर्जन्यछायेत, म्हणजे डोंगराआडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात, राहतो. त्यातच दख्खनचा अखंड बेसाल्ट खडक पाणी फारसे धरत नाही आणि भूजल मुख्यतः त्याच्या झिजलेल्या व भेगाळलेल्या थरांतच साठते. त्यामुळे माणमधील मेंढपाळी, विहिरींची खोली आणि रोजगारासाठी होणारे स्थलांतर यांचा अर्थ केवळ हवामानाच्या किंवा केवळ अर्थकारणाच्या पाठातून लागत नाही.

हा संबंध उलगडण्याची साधने अभ्यासक्रमात आहेत. 1767 साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अर्धा किलोमीटर अंतर असते, आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्चरेषा जिथे दाटतात तिथे उतार तीव्र असतो. भौगोलिक माहिती प्रणालीने, म्हणजे स्थानाशी निगडित माहिती संगणकावर साठवून तिचे विश्लेषण करणाऱ्या व्यवस्थेने, हे काम वेगवान केले आहे. मात्र तीस मीटरच्या चौकटींत मांडलेल्या उंचीच्या माहितीत लहान घळ किंवा शेताचा बांध बहुधा हरवतो, आणि काय हरवले हे तो उतार पायी चाललेल्या विद्यार्थ्यालाच उमगते.

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने जवळच्या एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या भूभागावरचे पाणी त्या ओढ्याला मिळते तो सगळा भूभाग, निवडून तेथेच पदवीची सर्व वर्षे अभ्यास करावा: पहिल्या वर्षी उतार, खडक व माती, पुढे पाऊस, विहिरींची पातळी व पिके, आणि शेवटी वस्ती, बाजार व स्थलांतर. वेळ आणि खर्च यांची अडचण खरी आहे, परंतु दूरच्या राज्यातील एका सहलीपेक्षा जवळच्या ओढ्यावरच्या वारंवारच्या फेऱ्या स्वस्तही पडतात आणि ऋतूंमधला फरकही दाखवतात. शिवाय वर्षानुवर्षे साठत गेलेल्या नोंदी ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या नियोजनालाही उपयोगी पडू शकतात.

30 जुलै 2014 रोजी माळीण गावावर कोसळलेल्या दरडीने उतार, पाऊस आणि वस्ती यांचा एकत्रित विचार किती निकडीचा आहे हे महाराष्ट्राला दाखवून दिले. असा विचार करू शकणारे पदवीधर घडवणे ही भूगोल विभागांची जबाबदारी आहे, आणि क्षेत्रकार्याला अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणल्याशिवाय ती पार पडणार नाही.