आधी माणूस ऐकावा



बेळगाव-निपाणीकडे कामाच्या ठिकाणी दोन भाषा शेजारी बसतात. मराठी माणूस कन्नडात हिशेब सांगतो. कन्नड माणूस मराठीत विचारपूस करतो. मग कधी जीभ घसरते. 'तो'ची 'ती' होते. कुणीतरी फिस्सकन हसतं. बोलणाऱ्याचा चेहरा उतरतो. पुढे कित्येक दिवस तो चारचौघांत तोंडच उघडत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

अशा वेळी आधी माणूस ऐकावा.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. तिथले त्यांचे स्नेही रावसाहेब. कानडी वळणाचं मराठी, लिंगांची सरमिसळ. 'गणगोत' या पुस्तकात पु. लं.नी ती बोली सुधारली नाही. प्रेमानं तशीच उतरवली. वाचताना आपण हसतो, पण त्या हसण्यानं रावसाहेब लहान होत नाहीत. उलट आपले होतात. कारण लेखकानं आधी माणूस ऐकला होता.

श्रोतेहो, आज कामावर कुणाचा शब्द चुकला, तर इतरांकडे बघून डोळे मिचकावू नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. चूक सांगायचीच असेल, तर नंतर, चहाच्या वेळी, एकट्याला सांगा.