वृथादान आणि सार्वजनिक ऋण

पित्याचे कर्ज पुत्राने फेडणे हा भारतीय धर्मशास्त्राने केवळ व्यवहार नव्हे, तर धर्म मानला. तरीही याज्ञवल्क्यस्मृतीने त्या धर्माला मर्यादा घातली. मद्य, कामासक्ती व द्यूत यांपायी झालेले कर्ज आणि ‘वृथादान’, म्हणजे निष्फळ देणगी, यांचा भार पुत्रावर येत नाही, असे ती सांगते. विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ या टीकेत वृथादानाचे स्पष्टीकरण करताना धूर्त, स्तुतिपाठक, मल्ल अशांना कबूल केलेल्या देणग्यांचा निर्देश केला आहे. ऋण पुढच्या पिढीवर बंधनकारक आहे की नाही, हे ते कशासाठी काढले यावर ठरते, हा या विचारातील अत्यंत मोलाचा भाग होय.

शासनाच्या कर्जाला हीच कसोटी लावली, तर महसुली तुटीचा, म्हणजे चालू उत्पन्नाहून अधिक झालेल्या चालू खर्चाचा, प्रश्न नैतिक ठरतो. धरणासाठी घेतलेल्या कर्जाबरोबर पुढील पिढीला धरणही मिळते, तर महसुली तुटीपोटी घेतलेल्या कर्जातून तिच्या वाट्याला बहुधा व्याजच येते. (दुष्काळात अन्न पुरवण्यासाठी काढलेले कर्ज यात मोडत नाही, तेथे वाचलेली माणसे हाच वारसा असतो.) मोजक्या लोकांच्या गटाला आपल्या लाभासाठी संघटित होणे सोपे जाते, विखुरलेल्या बहुसंख्यांना मात्र ते जड जाते, असे अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये मांडले, त्यामुळे एखाद्या उद्योगाला दिलेल्या सवलतीचा थोडाथोडा भार सोसणारे कोट्यवधी करदाते सहसा गप्प राहतात, आणि जे जन्मालाच आलेले नाहीत त्यांना तर बोलण्याची सोयच नाही. पुत्र निदान न्यायसभेत उभा राहून वृथादान नाकारू शकत होता.

म्हणून नकार द्यायचा तो देणगी देतानाच. १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त रामचंद्रपंत अमात्यांनी सेवकांना सेवेचा मोबदला वेतनाने व बक्षिसाने द्यावा, वंशपरंपरेने चालणारी वृत्ती देऊ नये, असे बजावले, कारण अशी वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या राज्याचा महसूल खात राहते. राजाराम महाराज जिंजीला असताना महाराष्ट्राचा कारभार सांभाळणाऱ्या अमात्यांनी, सरदारांना टिकवून धरण्यासाठी वतने वाटावी लागण्याचा तो काळ स्वतः अनुभवला होता; त्यामुळे त्यांच्या इशाऱ्याचे वजन ग्रंथोक्त नीतीपेक्षा अधिक आहे.

असा आगाऊ नकार कायद्यातही बांधता येतो: भारताच्या २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्याने महसुली तूट संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. २०१८ च्या दुरुस्तीत ते वगळले गेले आणि राजकोषीय तूट व एकूण कर्ज हीच मापे उरली. राजकोषीय तूट, म्हणजे कर्जाव्यतिरिक्तच्या जमेहून एकूण खर्च जितका अधिक तितकी रक्कम, कर्ज किती घ्यावे लागले हे दाखवते. ते धरणासाठी घेतले की देणग्यांसाठी, हे त्या आकड्यातून कळत नाही.