ओरानच्या तोंडावरची माती



स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत आयोना नावाचे चिमुकले बेट आहे. इ. स. ५६३ मध्ये आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबा यांनी तेथे मठ स्थापन केला. मठाजवळच्या जुन्या दफनभूमीत स्कॉटलंडचे अनेक राजे पुरले आहेत, असे परंपरा सांगते. पण तिचे गेलिक नाव ना राजांचे, ना कोलंबांचे. ती ‘ओरानची दफनभूमी’ आहे.

हे ओरान कोण? लोककथा सांगते, की प्रार्थनामंदिराच्या भिंती दिवसा बांधाव्यात आणि रात्री कोसळाव्यात असे होऊ लागले. कोणी जिवंतपणी पायात गाडून घेतल्याशिवाय त्या टिकणार नव्हत्या. कोलंबांचे सोबती ओरान स्वखुशीने पुढे झाले. पुलाच्या, किल्ल्याच्या पायात माणूस पुरल्याच्या गोष्टी आपल्याकडेही आहेतच! तीन दिवसांनी कोलंबांनी मित्राचे मुख पाहण्यासाठी माती दूर केली. ओरान डोळे उघडून म्हणाले, की स्वर्ग सांगतात तसा नाही आणि नरकही सांगतात तसा नाही. कोलंबा घाबरले व त्यांनी घाईने पुन्हा माती टाकायला लावली.

हा इतिहास नव्हे. कोलंबांच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी मठाधिपती अदोमनान यांनी लिहिलेल्या चरित्रात ही कथा नाही. बाराव्या शतकातील आयरिश चरित्रात ओरान आपणहून मरण पत्करतात व स्वर्गात जातात, एवढेच आहे. तरीही भाविक बेटकऱ्यांनी, आपल्या लाडक्या संताला कमीपणा आणणारी ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या का जपली असेल?

मला वाटते, तिच्यात एक खरा प्रश्न आहे. श्रद्धा राखण्यासाठी कोणाचे तोंड बंद करावे का? कोलंबांची भीती समजण्यासारखी आहे. मेंढपाळाला दुबळ्या मेंढरांची काळजी असते. पण आपणही तेच करतो. “आजी खरंच स्वर्गात असेल का?” असे लेकराने विचारले, की आपण म्हणतो, “गप्प बस, असं विचारू नये.” ही मूठभर मातीच!

प्रभू येशूने संशयी थोमाला गप्प केले नाही, जखमा दाखवल्या. प्रश्नाने श्रद्धा मरत नाही. पुरलेला प्रश्न मात्र आतून भिंत पोखरतो.

कोलंबांनी माती टाकली, तरी बेटाने ओरानचे शब्दही जपले आणि नावही. घरात पुढचा प्रश्न येईल तेव्हा, उत्तर ठाऊक नसले तरी, निदान तो ऐकून तरी घेऊ या.