पाऊल कशाला म्हणायचं?

मनगटावरच्या घड्याळाला पाऊल दिसत नाही. त्याला फक्त हिसके कळतात. आत एक चिमुकला ॲक्सेलरोमीटर असतो. तो सेकंदाला २५-५० वेळा तीन दिशांमधला प्रवेग नोंदवत राहतो. त्या आकड्यांचा आलेख काढला की चालणाऱ्या माणसाच्या नोंदीत एका लयीत शिखरं दिसतात. ठरलेल्या उंचीच्या वर गेलेलं शिखर म्हणजे पाऊल, खाली राहिलेलं म्हणजे किरकोळ हालचाल. ही उंची आभाळातून पडलेली नसते. कुणीतरी ती कोडमध्ये लिहिलेली असते. ज्येष्ठांची हालचाल मोजणाऱ्या एका ॲपसाठी ती लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे.

आता गंमत बघा. ही मर्यादा खाली आणली, तर खड्ड्यांतून रिक्षाने जाणाऱ्याच्या खात्यावरही पावलं जमा होतात. वर नेली, तर हळू चालणारा माणूस चाललाच नाही असं ठरतं. चूक दोन्हीकडे आहे आणि ती शून्यावर येत नाही. मग कुठली चूक कुणाच्या वाट्याला घालायची? हा प्रश्न दिसतो गणिताचा, पण आहे न्यायाचा.

उतारवयातलं चालणं वेगळं असतं. पाऊल आखूड, उचलण्यापेक्षा घासत नेलेलं. एक हात काठीवर किंवा दोन्ही वॉकरवर, म्हणजे मनगट जवळजवळ स्थिर. वेग कमी झाला की ही यंत्रं पावलं गाळतात, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. म्हणजे ज्याला एकेक पाऊल सगळ्यात महाग पडतं, त्याचीच पावलं हिशोबातून सगळ्यात जास्त गळतात. सेन्सर घोट्याला बांधला तर मोजणी सुधारते. पण पायात पट्टा बांधून आजोबा कट्ट्यावर जाऊन बसतील का, याचं उत्तर तुम्हालाही माहीत आहे.

बरं, ज्या आकड्यांशी तुलना करायची ते तरी कुठून आले? रोजची १०,००० पावलं हे लक्ष्य जपानमधून आलं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, यामासा तोकेई कंपनीने ‘मान्पो-केई’ नावाचं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं. नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’. लक्षात राहणारा, विकायला सोपा आकडा. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांवरचा अभ्यास आला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फरक वाढायचा थांबला. तरीही कितीतरी स्क्रीनवर वर्तुळ पूर्ण होतं ते १०,००० लाच.

‘मध्यम श्रम’ कशाला म्हणायचं, याची एक बहुचर्चित मर्यादा १९९८ च्या फ्रीडसन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगातून आली. त्यात ५० तरुण स्त्री-पुरुष ट्रेडमिलवर चालले आणि धावले. त्यांच्या शरीराला जे मध्यम वाटतं ते पंच्याहत्तरीतल्या शरीराला धाप लावू शकतं. मोजपट्टी खोटी नाही. ती फक्त दुसऱ्या कुणाच्या अंगावर बेतलेली आहे.

माझ्या आजीचं उदाहरण देते. आजोबांना अर्धांगवायू झाल्यापासून ती त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवते, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. काखेत हात घालून उठवते, चादर ओढून काढते, चमच्याने भरवते. मामाने पाठवलेलं घड्याळ दुपारी थरथरतं आणि तिला सांगतं, ‘बराच वेळ बसून आहात, थोडं हला.’ उलट ती बसून पोळ्या लाटते तेव्हा पावलं वाढतात. ती हसून म्हणते, “अगं, याला वाटतं मी सकाळी फिरायला जाते आणि दिवसभर लोळते.”

तिला हसू येतं. मला येत नाही, कारण ते वाक्य कसं तयार होतं हे मला माहीत आहे. विशेष म्हणजे १९९३ ची ‘पेस’ ही ज्येष्ठांसाठीची साधी प्रश्नावली घरकामाबद्दल विचारते, बागकामाबद्दल विचारते आणि दुसऱ्या माणसाची सेवा करता का, हेही विचारते. कागदाला जे दिसत होतं ते सेन्सरला दिसत नाही.

यावर टीममधला एक डॉक्टर सहकारी जे म्हणतो तेही खरं आहे. माणसं प्रश्नावलीत स्वतःच्या हालचालीबद्दल चुकीचं आठवतात, म्हणून तर सेन्सर आले. शिवाय सेवा म्हणजे व्यायाम नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आहेतच, शिवाय आठवड्यात किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायामही आहेत. आजोबांना उचलून आजीचा तोल सुधारत नाही, कंबर मात्र धरते. मान्य. पण मग स्क्रीनने एवढंच म्हणावं: ‘आज चालणं कमी नोंदलं गेलं.’ नोंद झाली नाही आणि केलं नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलं आहे माप, दुसरा आहे निवाडा. निवाडा देण्याइतकं आपल्याला दिसत नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड: हे आकडे कुणी बघायचे? बहुतेक ॲपमध्ये मुलांसाठी वेगळी स्क्रीन असते. मुलगा बंगळुरूत किंवा न्यू जर्सीत, आई सांगलीत. तो रोज सकाळी तिची पावलं बघतो. यात प्रेम आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. चालण्याचा वेग मंदावत जाणं ही आजारपणाची आधीची खूण असू शकते, आणि ती वेळेत कळली तर उपयोग होतो.

पण घड्याळ मुलाने घेतलेलं, फोन त्यानेच सेट केलेला, आणि ‘परवानगी आहे’ या बटणावर बोटही बहुतेक त्याचंच. अशा वेळी आईचं ‘हो’ किती मोकळं असतं? स्वतःला विचारून बघा. तुम्ही काल किती वाजता झोपलात, दुपारी किती वेळ आडवे होतात, हे आईला रोज आपोआप कळावं अशी सोय कुणी केली, तर तुम्ही ती एक दिवस तरी चालू ठेवाल? काळजी तर तिलाही वाटते. जो खासगीपणा आपण पंचविशीत हक्काने मागतो, तो पंच्याहत्तरीत आपसूक कसा संपतो?

म्हणून मी टीममध्ये तीन गोष्टींसाठी भांडते आहे. चूक करायचीच तर ती हळू चालणाऱ्याच्या बाजूने करावी, रिक्षातली चार पावलं फुकट गेली तरी चालतील. आकडे आधी ज्याचे त्याला दिसावेत, आणि मुलांना दाखवण्याची सोय मुळात बंद असावी. ती त्याने स्वतः चालू करावी, हवी तेव्हा बंद करावी. आणि ‘बैठे’ हा शब्द काढून टाकावा.

दुसऱ्या मागणीची किंमत मला ठाऊक आहे. एखाद्या घरी आईचं चालणं कमी होत गेलेलं मुलाला उशिरा कळेल, आणि त्यातलं काही टळू शकलं असतं. ही किंमत माझ्या हिशोबात आहे. तरीही आपल्या शरीराबद्दल कुणाला काय सांगायचं हे ठरवण्याचा अधिकार पाय थकले म्हणून काढून घेता येत नाही. मुलाला काळजी वाटली तर त्याच्याकडे फोन आहे. त्याने आईला विचारावं, आणि ती जे सांगेल ते ऐकावं.