स्मृतीचा प्याला

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये असतो. गेल्या वर्षी सुटीवर आला तेव्हा त्याने आम्हांस चिनी मातीचा एक मग भेट दिला. त्यावर एक जुने, पिवळसर छायाचित्र छापलेले आहे : भव्य कमान, माथ्यावर दगडी सिंह, खाली रस्त्यावर दोन-चार माणसे. ईप्र शहरातील ‘मेनिन गेट’ हे ते युद्धस्मारक. चित्र देखणे आहे. आम्ही त्या मगातून सकाळचा चहा घेऊ लागलो. त्यात काही वावगे असेल असे मनातही आले नाही.

एके दिवशी कोळीवाड्यातील एक वृद्ध माता मिस्सा सांगावयास आल्या. त्यांचा मुलगा फार वर्षांपूर्वी मासेमारीसाठी समुद्रात गेला तो परतला नाही. त्याचा देहही हाती लागला नाही. टेबलावरील मगाकडे पाहून त्यांनी विचारले, “फादर, हे कुठलं चर्च?” आम्ही सांगितले, “चर्च नव्हे, मावशी. लढाईत गेलेल्या ज्या सैनिकांना कबर मिळाली नाही, त्यांची नावे इथे कोरली आहेत.” त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आणि तुम्ही यातून चहा पिता?”

स्वरात आरोप नव्हता. तरीही आम्ही निरुत्तर झालो.

पहिल्या महायुद्धात ईप्रभोवती चार वर्षे रणकंदन चालले. २२ एप्रिल १९१५ रोजी येथेच क्लोरीन वायूचा मोठ्या प्रमाणावर मारा झाला. २४ जुलै १९२७ रोजी या स्मारकाचे उद्घाटन झाले. त्याच्या भिंतींवर ब्रिटिश साम्राज्याच्या चोपन्न हजारांहून अधिक बेपत्ता सैनिकांची नावे आहेत. त्यांत चारशेहून अधिक आपल्या हिंदुस्थानातून गेलेल्यांची. एवढी प्रचंड वास्तू, पण तीही अपुरी पडली. १६ ऑगस्ट १९१७ नंतर बेपत्ता झालेल्या सुमारे पस्तीस हजारांची नावे जवळच्या टाइन कॉट दफनभूमीतील भिंतीवर कोरावी लागली. आजही शेत नांगरताना वा पाया खणताना एखाद्या सैनिकाचे अवशेष सापडतात. त्याची ओळख पटली, की त्याला सन्मानाने मूठमाती दिली जाते आणि यथावकाश भिंतीवरील त्याचे नाव काढून टाकले जाते. ज्याला कबर मिळाली, त्याला आता भिंतीची गरज उरत नाही.

हे सारे आठवून आम्ही मग पुन्हा न्याहाळला. छायाचित्र बाहेरून घेतलेले आहे. कमान दिसते, सिंह दिसतो. नावे दिसत नाहीत. ज्यासाठी वास्तू उभारली तेच नेमके चित्रात नाही. शिवाय जुन्या छायाचित्राला एक फसवे सौंदर्य असते. १९२७ साली त्या कमानीखाली उभ्या राहिलेल्या मातांचे दुःख ताजे होते. आम्हांस मात्र त्या काळाचा केवळ पिवळसर रंग आवडला.

मग अशा वस्तू विकणे वा घेणे हे पाप म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. युद्धात ईप्र बेचिराख झाले होते. तेथील लोकांनी ते पुन्हा वसवले. त्या कमानीखाली रोज रात्री आठ वाजता मृतांसाठी बिगूल वाजतो. १९२८ साली सुरू झालेला हा प्रघात जर्मन अमलात खंडित झाला, पण १९४४ साली शहर मुक्त झाले त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू झाला. ज्या गावाने इतके जपले, त्याच्या दुकानदारांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपणही वेलंकणीहून माळा आणि लुर्डहून पाणी आणतोच.

आणि मातेच्या प्रश्नातील ‘पिणे’? आपल्या प्रभूने आपली स्मृती दगडी स्तंभावर कोरून ठेवली नाही. ती त्याने जेवणाच्या मेजावर, भाकरीत आणि प्याल्यात ठेवली. म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तूने स्मृती विटाळत नाही. मात्र तो प्याला हाती घेणाऱ्याकडून प्रभू काही मागतो. दुसऱ्यासाठी झिजण्याची तयारी नसेल, तर तो प्याला ओठांना लावणे ही आपल्यासाठी शोभेची गोष्ट उरते. स्मरण आणि स्मरणिका यांतला भेद आम्हांस येथे दिसतो : स्मरणिका आपल्याला आनंद देते व गप्प बसते, स्मरण आपल्याकडे देणे मागते. एकच वस्तू एकाच्या घरी स्मरणिका असेल, दुसऱ्याच्या घरी स्मरण. दोष मगाचा नव्हता. आम्ही महिनोन्‌महिने चहा प्यालो, पण त्या मृतांसाठी एक प्रार्थनाही म्हटली नव्हती.

त्याच युद्धाच्या ऐन वणव्यात, १० ऑगस्ट १९१५ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी सर्व धर्मगुरूंना सर्व मृतांच्या दिनी तीन मिस्सा अर्पण करण्याची अनुज्ञा दिली. त्यांतील एक सर्व मृत श्रद्धावंतांसाठी असते. आम्ही ही मुभा वर्षानुवर्षे वापरत आलो. ती कोणत्या रक्तातून आली, याचा विसर पडला होता.

यंदा २ नोव्हेंबरला तो मग आम्ही चर्चच्या दाराशी मेजावर ठेवला. भाविकांनी आपापल्या मृतांच्या नावांच्या चिठ्ठ्या त्यात टाकल्या. कोळीवाड्यातील त्या मातेला लिहिता येत नाही. त्यांनी मुलाचे नाव आमच्या कानात सांगितले, आम्ही ते लिहिले आणि चिठ्ठी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती मगात ठेवली.

त्यानंतर आम्ही त्यातून चहा प्यालो आहोत. पण आता पहिल्या घोटाआधी ते नाव आठवते.