चार दशकांचे नगरसेवक

कोणी नगरसेवक म्हणून वीस-पंचवीस वर्षे काढली, की आपल्याकडे त्याची कीव तरी केली जाते किंवा त्याच्यावर संशय तरी घेतला जातो. आमदारकीचे तिकीट मिळाले नाही म्हणून बिचारा तिथेच राहिला, असे एक जण म्हणतो. टेंडरांमध्ये हात गुंतलेत म्हणून सुटत नाही, असे दुसरा म्हणतो. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते : महापालिका ही वर चढायची पायरी, शहाण्याने तिथे फार थांबू नये. हे गृहीतच आपल्या शहरांच्या मुळावर आले आहे, असे मला वाटते. ते तपासून पाहायला फिरोजशहा मेहता यांच्याइतके चांगले उदाहरण नाही. १८९० च्या कलकत्ता काँग्रेसचे अध्यक्षपद, मुंबईच्या आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळातील जागा, १९०४ मध्ये ‘सर’ हा किताब, अखेरच्या वर्षी मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद, असे सगळे वाट्याला येऊनही हे बॅरिस्टर १९१५ मध्ये डोळे मिटेपर्यंत मुंबईच्या पालिकेत बसत राहिले. चार वेळा ते तिचे अध्यक्ष झाले. मोठे पद मिळाले म्हणून पालिका सोडावी, असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही.

या कारकिर्दीचे मूळ १८७१ च्या एका भांडणात आहे. १८६५ च्या कायद्याने मुंबईचा कारभार आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या हाती गेला होता. त्यांच्यावर देखरेख ठेवायची ती सरकारने नेमलेल्या जस्टिसांनी, म्हणजे ‘जस्टिस ऑफ द पीस’ ही मानाची पदवी असलेल्या नागरिकांनी. क्रॉफर्ड कामाचा माणूस. रस्ते, गटारे आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेलेली मंडई (आज ती जोतीराव फुले यांच्या नावाने आहे, आणि स्वतः फुलेही पुणे नगरपालिकेचे सदस्य होते) असा त्यांचा झपाटा होता. मात्र खर्चाला धरबंध राहिला नाही, तिजोरी रिकामी झाली आणि करदाते खवळले. आयुक्ताचे पंख छाटा, कारभार समितीकडे द्या, ही तेव्हाची लोकप्रिय मागणी होती. अवघ्या सव्वीस वर्षांच्या मेहतांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील भाषणात नेमके उलट मांडले. अंमलबजावणी एकाच जबाबदार माणसाकडे राहू द्या, दहा जणांची समिती रस्ता बांधू शकत नाही. दोष आहे तो देखरेख करणाऱ्यांत, कारण त्यांना कोणी निवडलेले नाही आणि कोणाला जाब द्यायचा नाही. तेव्हा करदात्यांनी आपले प्रतिनिधी निवडावेत. १८७२ च्या कायद्याने ६४ पैकी ३२ जागा करदात्यांच्या निवडणुकीने भरायचे ठरवले, तेव्हा या विचाराची निम्मी वाट मोकळी झाली.

उरलेल्या निम्म्या वाटेला सोळा वर्षे लागली. १८८८ चा मुंबई महापालिका कायदा व्हायच्या वेळी मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग दोघेही प्रांतिक कायदेमंडळात होते. मूळ मसुद्याचा कल सरकार आणि आयुक्त यांचे वजन वाढवण्याकडे होता. या दोघांनी तो ओढून पालिकेच्या बाजूला आणला. कलम ६४ पाहण्यासारखे आहे. शहराचा कारभार पालिकेच्या ठायी राहील, असे ते आधी सांगते आणि मग अंमलबजावणीचा अधिकार आयुक्ताकडे सोपवते. आयुक्ताची नेमणूक सरकारने करायची, पण पालिकेच्या एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश जणांनी ठराव केला, तर त्याला जावे लागेल. म्हणजे हात बळकट ठेवायचा आणि मनगट आपल्या मुठीत ठेवायचे. ही रचना १८७१ च्या भाषणातलीच आहे. ती कायद्यात उतरली, कारण तो माणूस मधल्या काळात जागा सोडून गेला नव्हता. त्या सोळा वर्षांत पालिका कुठे अडते, कोणता अधिकार कागदावरच राहतो, हे तो रोज पाहत होता. आयुक्त दर तीन वर्षांनी बदलू शकतो, गव्हर्नरही पाच वर्षांनी जातो. जुन्या फायलींत काय आहे हे ज्याला आठवते, त्याच्याकडे सभागृहात आपोआप वजन येते.

पोलीसखर्चाचा वाद हा याचा आणखी एक पुरावा. शहरातील पोलिसांवर पालिकेची कसलीही सत्ता नव्हती, तरी त्यांच्या खर्चाचा वाटा पालिकेने उचलावा, असा सरकारचा आग्रह. हा तंटा वर्षानुवर्षे चालला. अखेर १९०७ च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत पालिकेकडे आली. पाच वर्षांत निघून जाणाऱ्या माणसाने असा तंटा अंगावर घेतलाच नसता.

याला आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. मतदान ठरावीक कर भरणाऱ्यांपुरते होते. गिरणगावातला कामगार त्यात कुठेच नव्हता. १८९६ चा प्लेग आला तेव्हा चाळींतील कोंदट खोल्यांकडे या कर्तबगार पालिकेचे किती दुर्लक्ष झाले होते, ते उघड झाले. मेहतांच्या मोठेपणाबद्दल बोलताना हे झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण हा दोष दीर्घ सेवेचा म्हणता येत नाही. मतदारयादी तीच ठेवून दर तीन वर्षांनी नवे सदस्य आणले असते, तरी ते घरमालकांतूनच आले असते. दुसरा आक्षेप मक्तेदारीचा. त्याला उत्तर १९०७ च्या निवडणुकीत मिळते. अकाउंटंट जनरल हॅरिसन, पोलीस आयुक्त गेल, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हॅट फ्रेझर या मंडळींनी मेहतांना पाडण्यासाठी कट केला. जस्टिसांनी निवडून द्यायच्या १६ जागांत मेहता सतरावे आले. निवडून आलेला एक जण पुढे अपात्र ठरला म्हणूनच ते परत आले. मुंबईचा हा अनभिषिक्त राजाही मतपेटीपुढे पडू शकत होता. जागा दीर्घकाळ टिकणे आणि जागा आंदण मिळणे यांत हाच फरक आहे. आज घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे प्रभाग दुसऱ्या प्रकारात मोडतात, त्यांचे समर्थन मी करत नाही.

मात्र आजचे दुखणे बरेचदा उलटे आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार राहिला. २०२५-२६ चा ७४ हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प ज्या प्रशासनाने मांडला, त्यानेच मंजूर केला. पालिका, स्थायी समिती आणि आयुक्त ही तीन वेगळी अधिकारस्थाने १८८८ च्या कायद्याने मुद्दाम केली होती. ती एका खुर्चीत आली. इतका काळ हे चालले आणि शहरात फारशी खळबळ झाली नाही, याचे एक कारण मला असे दिसते, की नगरसेवक नसल्याने नेमके काय गेले हे सांगू शकेल असा अनुभव सभागृहात साठतच नाही. दर निवडणुकीला आरक्षणाची सोडत निघते, प्रभाग बदलतो आणि काम शिकलेला सदस्य बाहेर फेकला जातो. आरक्षण हवेच, मेहतांच्या सभागृहात ज्यांना जागा नव्हती, ते त्यामुळेच आत आले. पण तेच आरक्षण एका प्रभागात सलग दोन मुदती ठेवले, तर न्यायाला धक्का लागत नाही, आणि पहिल्या पाच वर्षांत अर्थसंकल्पाचे पुस्तक वाचायला शिकलेली नगरसेविका पुढच्या पाच वर्षांत त्यातल्या आकड्यांचा जाब आयुक्तांना विचारायला सभागृहात असू शकते.