विकत घेतलं, पण चावी?

बायोसमध्ये मल्टिप्लायर ३४ चा ३६ केला, तरी माझा डेस्कटॉप ३४ वरच परत येतो. व्होल्टेज, कूलर, रॅम सगळं तपासलं. कारण साधं निघालं: प्रोसेसर मुळातच लॉक केलेला आहे.

चिप तापून अडली असती, तर ती सिलिकॉनची मर्यादा. तिच्याशी भांडण नाही. कुलूप मात्र माणसाने लावलेलं असतं. २०१० मध्ये इंटेलने पेंटियम जी६९५१ साठी ५० डॉलरचं कार्ड विकायला काढलं होतं. त्यावरचा कोड टाकला की त्याच चिपमधली बंद ठेवलेली कॅश आणि हायपरथ्रेडिंग सुरू!

कमी पैशांत कमी वेगाची हमी, हे रास्तच. पण हमी न देणं वेगळं आणि अडवणं वेगळं. वॉरंटी गेली, चिप जळली, तर नुकसान माझं. मग चावीही माझ्याकडेच हवी.